केसांचे कलम

मराठीत ‘कलम’ या शब्दाला फार काम पडते. आंब्याचे कलम बांधतात, कायद्याचे कलम लावतात आणि लिहिणाऱ्याच्या हातात कलम असते. अरबीतून फारसीमार्गे दखनेत आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ बोरू. त्याचा आणखी एक अर्थ आज फक्त कलेच्या पुस्तकांत उरला आहे. दखनी कलम, मुघल कलम, पहाडी कलम असे आपण म्हणतो तेव्हा ‘कलम’ म्हणजे चित्राची शैली, आणि त्या शैलीच्या मागे असलेला कुंचला. फारसीत लेखणी आणि कुंचला दोन्ही कलमच. वेगळे सांगायचे झाले तर कुंचल्याला ‘कलम-ए-मू’ म्हणतात, म्हणजे केसांचे कलम.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस इराणातील कुम शहराच्या काझी अहमद यांनी ‘गुलिस्तान-ए-हुनर’ नावाचा ग्रंथ लिहिला. त्यात खुशनवीस आणि चित्रकार यांची चरित्रे आहेत. या ग्रंथात त्यांनी कलमाची विभागणी केली: एक वनस्पतीचे कलम, दुसरे प्राण्याचे. पहिला बोरू, दुसरा कुंचला. काझी म्हणवणारा माणूस चित्रकाराला खुशनवीसाच्या शेजारी बसवतो आणि दोघांच्या हातात एकाच जातीचे हत्यार आहे असे सांगतो, ही गोष्ट आज अनेकांना चमत्कारिक वाटेल. त्या काळच्या शिकलेल्या मुसलमानाला ती तशी वाटत नव्हती.

पहिल्या कलमाचा मान आपल्याकडे आजही शाबूत आहे. पहिल्या वहीतच कलमाचा उल्लेख आहे आणि कुरआनातील एका सुरहचे नावच ‘अल-कलम’ आहे. मूल चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचे झाले की बिस्मिल्लाहची रस्म करण्याची रीत कित्येक घरांत अजून आहे. बाराव्या शतकातील बगदादचे आलिम इब्न अल-जौझी यांच्याबद्दल सांगतात की, ज्या बोरूंनी त्यांनी आयुष्यभर हदीस लिहिली त्यांच्या तासलेल्या ढलप्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या, आणि मरणोत्तर गुस्लचे पाणी त्याच ढलप्यांवर तापवावे अशी त्यांची इच्छा होती. ती पुरीही करण्यात आली. बोरूचा इतका आदर! दुसऱ्या कलमाच्या वाट्याला आपल्या घरांत अशी एकही गोष्ट आलेली नाही. उलट तिथे एक धाकच आहे.

तो धाक मला इथे वरठीतच ऐकायला मिळतो. शेजारची आठवीतली मुलगी एलिमेंटरीच्या रेखाकला परीक्षेची तयारी करते आहे. स्थिरचित्र काढायला तिला कोणी अडवत नाही. माणूस काढायला घेतला की तिची आजी कुरकुरते: “बेटा, कयामतच्या दिवशी सांगतील, आता यात जीव फुंक. कुठून फुंकशील?” मुलगी माझ्याकडे बघते, “चाचा, सांगा ना दादीला.” आजींना मी काय सांगणार? त्या हदीसचाच आधार घेऊन बोलतात आणि तो आधार खोटा नाही. सजीवांच्या चित्राबद्दल उलेमांमध्ये कडक मते आहेत, मवाळ मतेही आहेत, आणि हा वाद शेकडो वर्षांचा आहे. पण त्याच आजीबाईंचे दुसरे एक वाक्य मला जास्त लागले: “हे आपलं काम नाही.” फिकहचा मुद्दा मी आलिमांवर सोडतो. आपले काम नाही, हे मात्र इतिहासाच्या दृष्टीने साफ चुकीचे आहे. त्या मुलीचा कुंचला पाण्याच्या ग्लासात टोकावर उभा होता, टोक वाकले होते. हत्यार कसे ठेवायचे हे तिला कोणी सांगितलेले नव्हते, आणि ते सांगणारी माणसे एके काळी आपल्यातच होती.

म्हणून हा लेख त्या हत्याराविषयी.

शाह अब्बासच्या काळात राजग्रंथालयाचा प्रमुख राहिलेला सादिकी बेग हा स्वतः चित्रकार होता. चित्रकलेच्या नियमांवर त्याने फारसी पद्यात ‘कानून-उस-सुवर’ रचले. त्याचा पहिला धडा रंगाचा किंवा रेषेचा नाही, कुंचल्याचा आहे. चित्रकाराने आपला कुंचला आपणच बांधावा, दुसऱ्यावर अवलंबून राहू नये, आणि त्यासाठी खारीच्या शेपटीचे केस घ्यावेत, हे तो सांगतो. हिंदुस्तानातही तीच रीत होती आणि राजस्थानातील पारंपरिक चित्रकारांनी ती आपल्या काळापर्यंत टिकवली.

रीत साधी आहे, पण सबुरीची. शेपटीचे केस एका लांबीचे निवडायचे. केसाचे नैसर्गिक टोक कधी कापायचे नाही, कारण कुंचल्याची सगळी ताकद त्या निमुळत्या टोकातच असते. कापलेला केस झाडूसारखा चालतो. मग केसांचा झुपका हलकेच आपटून टोके एका पातळीत आणायची, आखूड आणि उलटे लागलेले केस काढून टाकायचे आणि मुळाकडे बारीक दोऱ्याने आवळून बांधायचे. दोरा रेशमाचा असला तर उत्तम. (आमच्याच मोहाडी तालुक्यातले आंधळगाव कोशाच्या कापडासाठी ओळखले जाते, त्यामुळे रेशमाच्या धाग्याची मजबुती इथे कोणाला समजावून सांगावी लागत नाही.) नंतर कबुतराच्या पिसाची पोकळ दांडी पाण्यात भिजवून मऊ करायची. झुपका तिच्या रुंद बाजूने आत घालून अरुंद तोंडातून टोक बाहेर ओढायचे. पीस वाळले की आक्रसते आणि केस पक्के धरते. पिसात मागून बांबूची किंवा लाकडाची काडी बसवली की कलम तयार. डिंकाची, पत्र्याची, खिळ्याची गरज नाही.

या चित्रांत एका केसाने काम करतात असे लोक कौतुकाने सांगतात. तसे नसते. एकच केस रंग धरू शकत नाही. झुपका बऱ्यापैकी भरलेला असतो. त्याच्या पोटात रंग साठतो आणि ओलेपणामुळे सगळी टोके एकत्र येऊन एका केसाइतकी बारीक होतात. रेष त्या शेवटच्या बिंदूने ओढली जाते, पण तिला पुरवठा पोटातून होतो. हे कळले की निगा कशाची राखायची तेही कळते. टोक जपायचे असेल तर मुळापाशी रंग साचू द्यायचा नाही.

कुंचला मरतो तो टोकाकडून नाही, मुळाकडून. रंग केसांतून चढत पिसाच्या तोंडापर्यंत गेला आणि तिथे वाळला की केस फाकतात. एकदा फाकलेले केस पुन्हा एकत्र येत नाहीत. म्हणून कुंचला निम्म्यापेक्षा वर बुडवायचा नाही आणि काम थांबले, मग ते चहापुरते का असेना, तर रंग त्यात वाळू द्यायचा नाही. जुन्या चित्रकाराचे रंग डिंकात कालवलेले असत. बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक पाण्यात सहज विरघळतो, त्यामुळे वेळेवर धुतले तर साधे थंड पाणी पुरते. दोन वाट्या ठेवायच्या, एकीत मळ काढायचा, दुसरीत खळबळायचे. दुसरीतले पाणी गढूळ झाले की ते बदलायचे. कढत पाणी नको, त्याने केस वाकडे होतात आणि आजच्या विकतच्या कुंचल्यांत पत्र्याच्या आतले चिकटद्रव्यही सुटते. केस म्हणजे शेवटी केसच. जे आपल्या डोक्यावरच्या केसांना मानवते ते यालाही मानवते: कधीतरी सौम्य साबण तळहातावर घेऊन त्यात टोक हलक्या हाताने फिरवायचे, मुळापासून टोकाकडे, उलटे कधीच नाही. मग मऊ सुती फडक्यावर टिपायचे. ओढायचे नाही, पिळायचे नाही.

नंतर टोक बोटांनी निमुळते करून कुंचला आडवा वाळवायचा. उभा ठेवला तर पाणी मुळात उतरते आणि आतला दोरा, काडी, सगळे कुजते. टोकावर उभा ठेवला तर काय होते ते त्या ग्लासात दिसतच होते. पूर्ण वाळल्यावर मात्र टोक वर करून ठेवायला हरकत नाही. फार दिवस वापर नसेल तर टोक पातळ डिंकाच्या पाण्यात बुडवून आकार देऊन ठेवावे. नवा कुंचला दुकानातून कडक टोकाचा येतो तो याचसाठी. वापरण्याआधी त्याला पाण्यात मोकळा करायचा असतो, बोटाने मोडायचा नसतो. केसांचे शत्रू कसर आणि झुरळ. कडुनिंबाची वाळलेली पाने किंवा कापूर डबीत घातला की काम भागते. पोथ्यांच्या बस्त्यात कडुनिंब ठेवणारे आणि जुन्या हस्तलिखितांच्या पानावर किड्यांपासून राखण म्हणून ‘या कबीकज’ लिहिणारे, दोघेही एकाच किड्याशी लढत होते.

टोक ओठांत धरून निमुळते करण्याची सवय अनेक चित्रकारांना असते. ती मुलांना कधीही लागू देऊ नये. जुन्या रंगपेटीत काय असायचे ते पाहिले की कारण समजेल. लाल रंगाचा हिंगूळ पाऱ्याचा, पिवळा हरताळ सोमलाचा, पांढरा सफेदा बहुधा शिशाचा, हिरवा जंगार तांब्याचा. हा जंगार तर इतका तिखट की कित्येक जुन्या चित्रांत तो कागद खात खात पलीकडे निघाला आहे. रंगाप्रमाणे कुंचले वेगळे ठेवण्यामागे केवळ टापटीप नव्हती. हरताळात गंधक असते, आणि शिशाच्या सफेद्याचा गंधकाशी संबंध आला की तो काळवंडतो. नीट न धुतलेला एक कुंचला चंद्रासारख्या चेहऱ्यावर कालांतराने डाग पाडू शकतो. चूक आज होते, दिसते नातवंडांना.

सोन्याच्या कुंचल्याचा थाट निराळा. सोन्याचा वर्ख डिंकात खलून त्याची पूड करत आणि ती शिंपल्यात ठेवत. सोन्यासाठी कुंचला वेगळा, वाटीही वेगळी. त्या वाटीतले पाणी फेकत नसत. रात्रभर ठेवले की सोने तळाशी बसते, वरचे पाणी ओतून दिले की सोने पुन्हा कामाला येते. कारखान्यात सोने तोलून मिळत असे, त्यामुळे कुंचला धुणे हा हिशेबाचाही भाग होता.

आता आजचे दोन शब्द सांगून पुढे जातो, कारण त्याशिवाय वरचे वाचून कोणी घरामागची खार धरायला धावेल. धावू नये. आपल्या देशात बराच काळ मुंगसाच्या केसांचेही कुंचले विकले गेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मुंगूस संरक्षित आहे, त्याच्या केसांचा व्यापार गुन्हा आहे, तरी अधूनमधून धाडींच्या बातम्या येतात. त्या केसांसाठी मुंगसे मारली जातात, हे कुंचला हातात घेणाऱ्याने लक्षात ठेवावे. नायलॉनचे बारीक गोल कुंचले आता इतके चांगले निघतात की शिकणाऱ्याला दुसऱ्या कशाची गरज नाही. बिजनौर जिल्ह्यातील शेरकोट हे गाव कुंचल्यांच्या कारखान्यांवरच चालते आणि तिथल्या कारागिरांत मुसलमान मोठ्या संख्येने आहेत. आजही देशातल्या कितीतरी वर्गांतला कुंचला आपल्याच माणसांनी बांधलेला असतो. आपले काम नाही म्हणे!

मुघल कारखान्यात हे शिक्षण कोणाला मिळत होते? अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त चित्रकारांची नावे आहेत. त्यात शिराझहून आलेले ख्वाजा अब्दुस्समद ‘शीरीं-कलम’ आहेत आणि त्यांच्याच हाताखाली तयार झालेला दसवंत आहे, जो पालखी वाहणाऱ्या कहाराचा मुलगा होता. बसावन आहे, केसू आहे, फर्रुख आहे. परदेशी उस्ताद, इथला कहाराचा पोर, आणि दोघांच्या मध्ये एक कुंचला. अकबराचे चित्रकलेविषयीचे मतही अबुल फजलने नोंदवले आहे आणि गंमत अशी की, ते शेजारच्या आजींच्या आक्षेपाला दिलेले उत्तरच आहे. बादशहाचे म्हणणे असे की, चित्रकार एकेक अवयव रंगवत जातो, पण त्यात जीव घालणे आपल्याला शक्य नाही हे त्यालाच सर्वांत आधी कळते आणि म्हणून जीव देणाऱ्याकडे त्याचे लक्ष जाते. हे सर्वांना पटेल असे नाही. पण आक्षेप ठाऊक असूनही हे लोक चित्र काढत होते, विचार करून काढत होते, एवढे त्यावरून सिद्ध होते.

काझी अहमदांची दोन कलमे प्रत्यक्ष शेजारी पाहायची असतील तर एक चित्र आहे. अकबरासाठी १५९५ मध्ये निजामीच्या ‘खम्सा’ची एक प्रत तयार झाली. ती लिहिली अब्दुर्रहीम ‘अंबरीन-कलम’ या खुशनवीसाने. पुढे जहांगीरच्या हुकमावरून प्रतीच्या शेवटच्या पानावर दौलत नावाच्या चित्रकाराने दोघांचे चित्र काढले: अब्दुर्रहीम लिहितो आहे आणि त्याच्या समोर बसून दौलत स्वतः चित्र काढतो आहे. ही प्रत लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. एकाच्या हातात बोरू, दुसऱ्याच्या हातात कुंचला, दोघेही जमिनीवर, सारख्याच अदबीने बसलेले. चित्रकाराने स्वतःला खुशनवीसापेक्षा खाली बसवलेले नाही.

दिल्ली-आग्र्याच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या जातात. महाराष्ट्राच्या भूमीवर या कलमाने काय केले हे फार थोड्यांना ठाऊक असते. अहमदनगरच्या निजामशाहीचे इराणशी घट्ट नाते होते. इराणहून आलेल्या शाह ताहिर यांच्या प्रभावाने बुऱ्हान निजामशाहाने शिया पंथ स्वीकारला, आणि विद्वान, शायर, कारागीर यांची ये-जा वाढली. मोठमोठ्या दखनी चित्रशाळा पुढे विजापूर आणि गोवळकोंड्याला भरभराटल्या. दुसरा इब्राहीम आदिलशाह तर कलेच्या वेडासाठीच ओळखला जातो. पण दखनेतल्या अगदी सुरुवातीच्या सचित्र हस्तलिखितांपैकी एक अहमदनगरचे आहे आणि ते आज पुण्यात, भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्याचे नाव ‘तारीफ-ए-हुसैनशाही’.

आफताबी नावाच्या शायराने हे फारसी काव्य हुसैन निजामशाहाच्या स्तुतीसाठी रचले. त्यात १५६५ च्या तालिकोटच्या लढाईचा पराक्रम आहे आणि बादशहाची बेगम खुंझा हुमायूँ हिचेही मनापासून कौतुक आहे. हुसैन त्याच वर्षी वारला. मुलगा मुर्तझा लहान होता, म्हणून कारभार खुंझा हुमायूँने हाती घेतला. चांदबिबी ही याच दोघांची मुलगी. हस्तलिखितात १२ चित्रे उरली आहेत. चित्रकाराने आपले नाव कुठे लिहिलेले नाही. मांडणीत इराणी वळण दिसते, पण बायकांची वस्त्रे, वेण्या, उभे राहण्याची ढब इथली आहे. एका चित्रात तर संस्कृत काव्यातला दोहद आहे: तरुण स्त्रीचा स्पर्श होताच झाड फुलते आहे. फारसी काव्यात, शिया सुलतानाच्या दरबारात, काढणाऱ्याला तो परका वाटला नाही. बघणाऱ्यांनाही वाटला नसावा, नाहीतर तो पुस्तकात राहिलाच नसता.

या चित्रांत अजून एक गोष्ट आहे. हुसैन तख्तावर बसला आहे आणि त्याच्या शेजारी बेगमेची जागा आहे, पण काही चित्रांत तिची आकृती बुजवून टाकलेली आहे. कोणी मुसलमान चित्राला हरकत घेतो म्हणून ती बुजवली असेल, असा तर्क पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या मनात चटकन येतो. मलाही ठाऊक आहे की, तुटलेली मूर्ती किंवा पुसलेला चेहरा दिसला की आपल्या समाजाकडे बोट दाखवणे आता सवयीचे झाले आहे. पण चित्र नीट पाहा. बादशहा जागेवर आहे. सेवक, दासी आहेत. घोडे, झाडे, पाखरे आहेत. जीव असलेल्या सगळ्या आकृत्या शिल्लक आहेत, एकटी बेगम नाही. सजीवांच्या चित्राला आक्षेप असता तर पुसणाऱ्याने बादशहाचा चेहरा का सोडला असता?

अभ्यासकांनी याचे उत्तर दरबारात शोधले आहे. १५६९ मध्ये मुर्तझाने आईला कारभारातून दूर केले आणि कैदेत टाकले. पुस्तकातून तिचे चित्र जाणे हे त्याच सत्तांतराचे पाऊल असावे. सनातनी रागाचा नाही, घरातल्या राजकारणाचा हा डाग आहे. आणि आकृती रंगाने झाकायची म्हणजे तेही काम कुणीतरी बसून, रंग कालवून, कलमानेच करायचे. हत्यार तेच. कदाचित हातही त्याच चित्रशाळेतला.

जी. टी. कुलकर्णी आणि म. श्री. माटे यांनी या हस्तलिखिताचे संपादन केले आणि १९८७ मध्ये मंडळाने ते पुस्तकरूपात छापले, चित्रांसह. सदाशिव पेठेतल्या एका मराठी संस्थेने निजामशाहीचे हे पुस्तक सांभाळले आणि दोन मराठी अभ्यासकांनी त्याला वाचक मिळवून दिला. आपल्या उर्दू शाळांमधून, आपल्या जलशांतून त्याचे नाव मी क्वचितच ऐकले आहे. शेजारच्या मुलीला मी चित्रांच्या छायाप्रती दाखवल्या तेव्हा तिने फुललेल्या झाडाजवळच्या बाईची वेणी बराच वेळ पाहिली आणि विचारले, ही रेष किती नंबरच्या ब्रशची? मी सांगितले, नंबर नव्हते, खारीचे केस होते. मग ती बुजवलेल्या जागेकडे वळली. रंगाच्या कडेने तिथे बाह्यरेषेचा माग अजून लागतो.